चौथा रकाना

पाठ टाचणात चार रकाने असतात.
तिसऱ्यात मी काय विचारणार,
चौथ्यात पोरं काय सांगणार.
चौथा आदल्या रात्रीच भरायचा असतो,
पोरांनी तोंड उघडायच्या आत.

कॉलेजात हे सोपं होतं.
सूक्ष्म अध्यापन, सहा मिनिटं,
समोर आमचेच सोबती आठवी-ब होऊन बसलेले.
नलूताई मडावी, वय छत्तीस, घरी दोन लेकरं,
बोट वर करून विचारायची, "बाई, मी सांगू?"
आणि सांगायची अगदी चौथ्या रकान्यातलं,
कारण पुढचा पाठ तिचा असायचा
आणि तेव्हा आठवीत मी बसायची.
प्रबलन कौशल्य : छान. बरोबर. शाब्बास.
इतक्या वेळा शाब्बास
आम्हा दोघींना उभ्या जन्मात कोणी म्हटलं नव्हतं.

स्टँडमागचा झेरॉक्सवाला
तयार टाचणं विकतो, चाळीस रुपयाला एक,
वर खाकी कव्हर फुकट.
विज्ञानाची संपली होती.
म्हणून हे टाचण माझं आहे.

आंतरवासितेचा सातवा आठवडा.
फाट्यावर उतरून दीड कोस,
मोरपंखी साडीच्या निऱ्यांना कुसळं,
काखेत गुंडाळलेला तक्ता.
वर्ग नववा. ध्वनीचे परावर्तन.
पट एकतीस, हजर नऊ.
मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून खडतकर सर,
मांडीवर निरीक्षण तक्ता, खिशाला लाल पेन.

"प्रतिध्वनी तुम्ही कुठे ऐकला आहे?"
अपेक्षित उत्तर : डोंगरात, मोठ्या सभागृहात.

सभागृह कोणी पाहिलं नव्हतं.
टेकडी होती, तिच्यावर सागाची झाडं,
आवाज गिळून टाकणारी.
शेवटी मोनाली टेकाम उठली,
"येते न मॅडम, आपल्याच वर्गात.
वेचणी लागली का येते."

सर काहीतरी लिहू लागले.

मला ठाऊक होतं, चूक आहे.
खोली वीस फुटांची,
प्रतिध्वनीला सतरा मीटर तरी लागतात,
हा तर नुसता निनाद, पान एकशे चौतीस.
ओठांवर "नाही, खाली बस" आलं,
त्याच्याच पाठोपाठ "शाब्बास".
दोन्ही गिळले.
म्हटलं, मोजू.

पंपाची नायलॉनची दोरी,
मीटरपट्टी लावून एकेक गाठ.
दोरी दारातून निघाली, व्हरांडा उतरली,
हापशीला वळसा घालून
कुंपणाशी जाऊन संपली. अठरावी गाठ.
तिथून शाळेच्या लांब भिंतीकडे तोंड करून
नऊ जणांनी एकदम टाळी वाजवली.
पहिल्यांदा एक बकरी तेवढी बिचकली.
दुसऱ्यांदा कोणीतरी हसलं.
"नाव घ्या," मी म्हटलं, "मोठ्यानं, कोणाचंही."

मोनालीनं हाक दिली :
गीता!

भिंत म्हणाली, ता.

आणि पाठीमागून, कुंपणापलीकडच्या पऱ्हाटीतून
दुसरा आवाज आला,
"काय वं?"

कमरेला ओटी बांधलेली एक पोर,
हजेरीपटावर सतरावी,
उन्हाला हात धरून उभी.
नऊच्या नऊ पोरं हसत सुटली.
मला याची व्याख्या येत नव्हती.

शेरा : विषयांतर. फलक लेखन नाही.
वर्ग कुंपणापर्यंत नेला. वेळेचे भान ठेवावे.
वीसपैकी अकरा.

परतीच्या एसटीत नलूताई शेजारी.
तिला सोळा पडले होते, संधी आणि समास.
"तुह्या चौथ्यात काय लेवलं होतं वं?"
डोंगरात, म्हटलं.
"मंग?"

बाहेर अंधार पडलेला,
जिनिंगपुढं कापसाच्या गाड्यांची रांग,
सैल काचा खडखडत होत्या.
मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कंडक्टर आला
आणि नलूताई त्याच्याशी
सुट्ट्या पैशांवरून भांडू लागली.